लोणावळ्याचे आठ दिवस

लोणावळ्यास लोक जातात ते पावसाळ्यांत धबधबे पाहावयास, आणि येतांना चिक्कीचे पुडे आणावयास. आमचें जाणें मार्गशीर्षांत झालें. धबधबे आटले होते, आणि चिक्की दांतांच्या कारणानें आम्हांस वर्ज्य आहे. आम्ही गेलों तें श्वास कसा सोडावा हें शिकावयास. अडुसष्टाव्या वर्षीं कोणी असें सांगितलें तर वाचकांस हंसूं येईल. आमच्या घरची मंडळीही हंसलीच. म्हणून आधीं कारण सांगतों.

आमची मुंज आठव्या वर्षीं झाली. तेव्हांपासून संध्येंत प्राणायाम नित्य घडतो अशी आमची समजूत. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन, पाठशाळेंत संस्कृताचें अध्ययन करून आम्ही शाळामास्तर झालों, आणि तीस-बत्तीस वर्षें मुलांकडून रूपें व संधि घोकवून घेतले. त्या काळांत मुंज झालेल्या कितीएक मुलांस संध्याही शिकविली. आतां प्रांजलपणें सांगावयाचें तर आम्हीं स्वतः केलें आणि मुलांस शिकविलें तें इतकेंच, कीं उजव्या हाताच्या बोटांनीं नाक धरावें, ओठांतल्या ओठांत गायत्री भराभर पुटपुटावी, आणि नाक सोडावें. मध्यंतरीं श्वासाचें काय होतें हें कोणी विचारलें नाहीं, आणि आम्हींही पाहिलें नाहीं.

निवृत्तीनंतर हठप्रदीपिका व घेरण्डसंहिता हे ग्रंथ मुळांतून वाचले. अर्थ लावण्यांत आम्हांस अडचण कसली पडणार! घेरण्डसंहितेंत सोळा मात्रा पूरक, चौसष्ट मात्रा कुंभक व बत्तीस मात्रा रेचक असें प्रमाण दिलें आहे. मात्रा म्हणजे एक सेकंद असें आमचें आम्हींच ठरविलें, घड्याळ समोर ठेविलें, आणि आरंभ केला. चौथ्या दिवशीं पहांटे, कुंभकाचा आंकडा चाळिसाच्या पुढें गेला असतां डोळ्यांपुढें काळोखी आली, आणि आम्ही तुळशीच्या कुंडीवर पडलों. कपाळास तीन टांके पडले. डॉक्टरांनीं रक्तदाब पाहिला, तो वाढलेला निघाला. किती वर्षें वाढलेला होता कोण जाणे. सूनबाईंनीं दोन्ही ग्रंथ कपाटांत कोंडून किल्ली आपल्याजवळ ठेविली. जन्मभर दुसऱ्यांचीं पुस्तकें जप्त केलेल्या माणसावर हा प्रसंग यावा!

त्याच सुमारास नातवाचें निराळेंच कांहीं चाललें होतें. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. वसतिगृहांतील मित्रांच्या संगतींत तो 'ची' नांवाची चिनी प्राणशक्ति आणि आपलीं चक्रें यांचा एकत्र केलेला असा एक प्रयोग शिकून आला होता. रात्रीं गच्चीवर बसून जोरजोरानें श्वास घ्यावयाचा, नाभीपाशीं अग्नि पेटला आहे अशी कल्पना करावयाची, आणि तो अग्नि दंडांतून तळहातांत उतरवावयाचा. बोटांस मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, तीच 'ची' वाहूं लागल्याची खूण, असें तो मोठ्या उत्साहानें सांगे. एके रात्रीं त्यानें विचारलें, "आजोबा, मूलाधाराचा रंग तांबडा, स्वाधिष्ठानाचा नारिंगी, मणिपुराचा पिवळा, अनाहताचा हिरवा, हें आपल्याच ग्रंथांत आहे ना?"

असा प्रश्न आल्यावर मास्तर गप्प कसा बसेल? या विषयावरील प्रमाण मानला गेलेला षट्चक्रनिरूपण हा ग्रंथ बंगालच्या पूर्णानंद यतींनीं इसवी सन १५७७ मध्यें रचिला. वुड्रॉफसाहेबांनीं 'आर्थर ॲव्हलॉन' या नांवानें १९१९ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि तेव्हांपासून पश्चिमेकडे चक्रांचा बोलबाला झाला. त्या ग्रंथांत मूलाधाराच्या चार पाकळ्या तांबड्या आहेत खऱ्या. पण स्वाधिष्ठानाच्या सहा शेंदरी, मणिपुराच्या दहा पाण्यानें भरलेल्या मेघासारख्या काळ्या, अनाहताच्या बारा पुन्हां तांबड्याच, विशुद्धाच्या सोळा धुरकट जांभळ्या, आणि आज्ञाचक्राच्या दोन चंद्रासारख्या पांढऱ्या. इंद्रधनुष्याचे सात रंग खालून वर ओळीनें लावण्याची मांडणी विसाव्या शतकांत पाश्चात्यांनीं केलेली आहे. हें सर्व आम्हीं सविस्तर सांगितलें. मुलानें शांतपणें ऐकून घेतलें, आणि म्हणाला, "पण आजोबा, तुम्हीं यांतलें कांहीं करून पाहिलें आहे का?"

आमचा हात आपोआप कपाळावरील टांक्यांकडे गेला.

दुसऱ्या दिवशीं आमच्या कुटुंबानें निकाल दिला, "दोघेही कोणा जाणत्याकडे जा आणि नीट शिकून या. एक कपाळ फोडून घेतो, दुसरा रात्रीं गच्चीवर धापा टाकतो. शेजारचे मला विचारतात." येणेंप्रमाणें आजा-नातवाची जोडी लोणावळ्याच्या कैवल्यधामांत आठ दिवसांच्या वर्गासाठीं निघाली.

पुण्याहून लोकल धरली. अंतर सुमारें चौसष्ट किलोमीटर. पिंपरी-चिंचवडपर्यंत कारखाने आणि इमारती यांची दाटी. देहूरोड मागें पडल्यावर डोळ्यांस मोकळीक मिळूं लागते. तळेगांव, कामशेत, मग मळवली. मळवलीस उजव्या अंगास कार्ल्याचा डोंगर आणि डाव्या अंगास लोहगड व विसापूर. भात कापून नेलेलीं खाचरें, त्यांत चरणारीं गुरें, आणि डोंगरावर वाळून पिवळें पडलेलें गवत. नातवाच्या कानांत गाण्याचीं बोंडें होतीं. आम्हीं ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढला होता. शके १२१२ मध्यें सिद्ध झालेल्या या ग्रंथांत महाराजांनीं नाथपंथाची ही गुप्त विद्या मराठींत उघड करून ठेविली. जागी झालेली कुंडलिनी शरीरांतील पृथ्वी आणि आप हीं दोन तत्त्वें खाऊन टाकते आणि मगच तृप्त होते, असें तें विलक्षण वर्णन आहे. हा अध्याय आम्हीं किती वेळां वाचला असेल! शब्द न् शब्दाची व्युत्पत्ति आम्ही सांगूं शकतों. त्या दिवशीं गाडींत मात्र असें वाटलें, कीं लिहिणाराला वस्तु ठाऊक होती, आणि आमच्या वांट्यास तिचें व्याकरण तेवढें आलें.

लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें सवासहाशें मीटर उंच आहे. मार्गशीर्षांतली तेथील सकाळ शाल सोडूं देत नाहीं. आवारांत शिरल्यावर गांवचा गलबला एकदम मागें राहातो. या ठिकाणाचा इतिहास मास्तरांस आवडावा असाच आहे. संस्थापक स्वामी कुवलयानंद यांचें पूर्वाश्रमींचें नांव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजीं, गुजराथेंतील डभोई येथें. १९०३ मध्यें मॅट्रिकच्या परीक्षेंत त्यांनीं जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ति मिळविली होती. हें वाचून आम्हांस उगाचच आपलेपणा वाटला. बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यांत त्यांनीं शरीर कमावलें, अमळनेरास राष्ट्रीय शिक्षणाचें काम केलें, आणि नर्मदाकांठीं मालसर येथें परमहंस माधवदासजींपाशीं योगाचे धडे घेतले. १९२४ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं ही संस्था काढिली व त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें नियतकालिक सुरू केलें.

परंतु त्यांची खरी अपूर्वता निराळीच. योगक्रिया क्ष-किरणांच्या यंत्रापुढें आणि दाबमापकापुढें नेऊन ठेवणारा पहिल्या कांहीं माणसांतला हा माणूस. उड्डियान व नौलि करीत असतां पोटांत काय घडतें हें त्यांनीं १९२४ मध्येंच बडोद्यास क्ष-किरणांनीं पाहिलें. नौलींत मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरच्यापेक्षां कमी होतो, आणि म्हणूनच बस्तीच्या वेळीं पाणी आंत ओढलें जातें, हें त्यांनीं मोजून दाखविलें, व त्या निर्वातास आपल्या गुरूंचें नांव दिलें. महात्मा गांधींनीं १९२७ मध्यें आपल्या रक्तदाबाच्या विकारांत त्यांचा सल्ला घेतला होता. १८ एप्रिल १९६६ रोजीं स्वामींचें देहावसान झालें. प्राणायामानें प्राणवायूचा मोठा सांठा शरीरांत होतो ही लोकप्रिय समजूत त्यांनीं स्वीकारली नाहीं, हें आम्हांस विशेष वाटलें. आजचें शास्त्रही हेंच सांगतें. निरोगी माणसाच्या धमन्यांतील रक्त साध्या श्वासानेंच प्राणवायूनें शेंकडा पंचाण्णवांहून अधिक भरलेलें असतें. त्यांत आणखी भरावयास जागाच थोडी. तेव्हां प्राण म्हणजे प्राणवायु, हें आमच्या शाळेंतल्या फळ्यावरचें समीकरण चुकीचें होतें.

पहिल्या दिवशीं वर्गांत शिक्षिकाबाईंनीं आम्हांस उताणें निजविलें, एक तळहात छातीवर व दुसरा पोटावर ठेवावयास सांगितलें, आणि म्हणाल्या, "काका, विशेष कांहीं करूं नका. नुसता श्वास घ्या." आम्हीं घेतला. छातीवरचा हात उंच उठला, खांदे कानांशीं आले, आणि पोटावरचा हात होता तेथेंच राहिला. "आतां सोडा." सोडला, तो एका उसाशासरशीं संपला. बाई वयानें आमच्या सुनेएवढ्या. त्या हंसल्या नाहींत, एवढेंच म्हणाल्या, "काका, तुम्ही श्वास घेतां, सोडीत नाहीं. घर भरलेलें असतां पाहुणे कोठें बसवाल?"

रक्तदाबाची गोष्ट कानांवर घालतांच, कुंभकाचें नांव काढावयाचें नाहीं असें त्यांनीं बजाविलें. चार मोजून घ्यावयाचा आणि आठ मोजून सोडावयाचा. मध्यें रोखणें नाहीं. ऐकावयास हें किती सोपें! आमचा रेचक पांचावर संपे. सहा म्हणतांना गळा दाटे, आणि मग पुढचा श्वास असा घाईनें आंत येई कीं कोणी पाठीस लागलें आहे. शेजारीं एक प्रौढ गृहिणी बसत. त्यांनीं यापूर्वीं एकही ग्रंथ वाचलेला नव्हता, आणि त्यांचा रेचक दुसऱ्याच दिवशीं आठावर गेला. आम्ही तिसऱ्या दिवशीं सातावर आलों. चौथ्या दिवशीं कंठाचें द्वार किंचित् आवळून उज्जायी शिकविली. निजलेल्या मुलाच्या घोरण्यासारखा बारीक ध्वनि होतो आणि श्वासास आपोआप बांध पडतो. त्या वेळीं आठाचा आंकडा सहज आला. आम्ही इतके चपापलों कीं पुढचें मोजणेंच चुकलें.

मग बाईंनीं दुसऱ्या हातानें मनगटाची नाडी धरावयास सांगितली. श्वास आंत येतांना ठोके किंचित् जवळ येत. लांब सोडतांना दोन ठोक्यांतील अंतर वाढे. इतकीं वर्षें ही नाडी आमच्या मनगटांत असें करीत होती आणि आम्हांस पत्ता नव्हता! मेंदूच्या बुडांतून निघून हृदयापर्यंत जाणारा व्हेगस नांवाचा मज्जातंतु आहे. रेचकांत त्याचा लगाम आवळतो आणि हृदय सावकाश चालतें, असा त्याचा उलगडा. हीच ती इडा किंवा पिंगला, असें कोणी म्हणतात. आम्ही म्हणणार नाहीं. शास्त्राची एक गोष्ट दुसऱ्या शास्त्राच्या खुंटीवर टांगावी आणि दोन्हींस मोठेपणा दिल्याचें समाधान मानावें, हा आपल्या लोकांचा जुना दोष आहे. इटलींतील पाव्हिया येथील संशोधकांनीं २००१ मध्यें लॅटिन जपमाळ व 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणणारांचे श्वास मोजले होते. दोन्हींत श्वास मिनिटास सुमारें सहांवर आला आणि हृदयाची लय त्याशीं जुळली. हें कळल्यावर आम्हीं खोलीवर येऊन गायत्री मनांत घाई न करतां म्हणून पाहिली. दहा-बारा सेकंद लागले. संध्येंत आम्ही ती किती वेळांत उरकीत होतों तें येथें लिहीत नाहीं.

कुंडीवर पडण्याचें कारणही कळलें. छाती ताठ करून बळानें श्वास कोंडला म्हणजे छातींतील दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारें रक्त अडतें, मेंदूस पुरवठा कमी पडतो. आणि श्वास सोडला कीं रक्तदाब एकदम वर उसळी मारतो. ग्रंथांत गुरूवांचून करूं नये असें ठिकठिकाणीं सांगितलें आहे. तीं वाक्यें आम्हीं प्रास्ताविक म्हणून ओलांडलीं होतीं.

नातवाची परीक्षा याहून अवघड झाली. त्यास त्याचा गच्चीवरचा प्रयोग करून दाखवावयास सांगितलें. मिनिटास तीस-पस्तीस श्वास, तेही खोल. तिसऱ्या मिनिटास त्याच्या बोटांस मुंग्या आल्या. "आतां श्वास अगदीं सावकाश कर," बाई म्हणाल्या, आणि थोड्याच वेळांत मुंग्या गेल्या. जोरजोरानें श्वास घेतला म्हणजे रक्तांतील कर्बाम्लवायु प्रमाणाबाहेर बाहेर टाकला जातो; त्यामुळें मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, मज्जातंतु उगाच उत्तेजित होतात, बोटें आणि ओठ मुंग्यावतात, डोकें हलकें होतें. मुलाचा चेहरा उतरला. "म्हणजे ती 'ची' नव्हतीच?" त्यानें विचारलें. बाईंनीं उत्तर दिलें, "मुंग्या कशानें आल्या तें मीं सांगितलें. 'ची' आहे कीं नाहीं हें मीं मोजलेलें नाहीं."

हें उत्तर आम्हांस फार आवडलें. मुलास आवडलें नाहीं. त्या रात्रीं तो जेवतांना बोलला नाहीं. चार महिने ज्यास तो अनुभव मानीत होता तो असा दोन मिनिटांत काढून घेतला गेला. वीस वर्षांच्या वयांत ही थोडी गोष्ट नव्हे. समजूत घालण्याचा आमचा नेहमींचा मार्ग म्हणजे व्याख्यान. पण त्या दिवशीं सकाळींच आमचा आंकडा चुकला होता, म्हणून आम्हीं व्याख्यान आवरतें घेतलें आणि त्याच्या उपयोगाचें तेवढें सांगितलें. चिनी लोकांचीं तत्त्वेंही पांच आहेत, पण तीं काष्ठ, अग्नि, पृथ्वी, धातु आणि जल. त्यांत वायु नाहीं आणि आकाश नाहीं. तेव्हां तीं आणि आपलीं पंचमहाभूतें एका डब्यांत घालूं नयेत. मात्र नाभीपाशीं अग्नि पाहाणें हें आपल्याही ग्रंथांत आहे. घेरण्डसंहितेंत पांच धारणा सांगितल्या आहेत. पार्थिवी हरताळासारखी पिवळी व चौकोनी; आंभसी शंखासारखी शुभ्र; आग्नेयी नाभीच्या ठिकाणीं, त्रिकोणी, आणि मृगाच्या किड्यासारखी लालभडक; वायवी काजळ व धूर यांच्या रंगाची; आकाशी समुद्राच्या स्वच्छ पाण्यासारखी. मृगाच्या किड्याचें नांव ऐकून तो हंसला; लहानपणीं त्यानें ते काड्याच्या पेटींत पाळले होते. "आणि हें किती वेळ पाहावयाचें?" त्यानें विचारलें. प्रत्येक धारणेस पांच घटिका. घटिका चोवीस मिनिटांची. म्हणजे पुरे दोन तास. "दोन तास! मी तर पांच मिनिटांत पांचही उरकीत होतों," तो म्हणाला. आमच्या गायत्रीची आठवण होऊन आम्ही गप्प राहिलों.

सातव्या दिवशीं दुपारीं सुटी होती. लोकलनें एक स्टेशन मागें मळवलीस येऊन आम्ही भाजें येथील लेणीं पाहावयास गेलों. गांवांतून पायऱ्यांची चढण लागते. आमचा दम पहिल्याच वळणावर लागला. पण श्वास लांब सोडीत, मध्यें मध्यें थांबत वर पोंचलों. लेणीं इसवी सनापूर्वींचीं, बौद्ध भिक्षूंचीं. चैत्यगृहाचे खांब आंतल्या बाजूस किंचित् कललेले आहेत. लांकडी बांधणीची संवय दगडांत उतरलेली. एका बाजूस लहानमोठे चौदा स्तूप दाटीनें उभे आहेत, आणि जवळच खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं.

येथील भिक्षु ध्यान कसें करीत हें दगड सांगत नाहींत. पण पुढें पांचव्या शतकांत बुद्धघोषानें सिंहलद्वीपांत लिहिलेल्या विशुद्धिमार्गांत पृथ्वी, आप, तेज, वायु यांच्या ध्यानाची रीत दिलेली आहे, ती त्या जागीं आठवली. पृथ्वीसाठीं अरुणवर्ण मातीची एक वीत चार अंगुळें रुंदीची वाटोळी तबकडी करावी. आपासाठीं स्वच्छ पाण्यानें भरलेलें भांडें घ्यावें. तेजासाठीं पडद्याच्या भोंकांतून विस्तव पाहावा. वायूसाठीं झाडाचे शेंडे हलतांना पाहावे किंवा अंगावरची झुळूक जाणावी. आधीं उघड्या डोळ्यांनीं खरी वस्तु पाहावयाची, आणि ती मिटल्या डोळ्यांपुढें उभी राहीपर्यंत पुन्हां पुन्हां पाहावयाची. कल्पनेनें अग्नि पेटविण्याच्या आधीं चुलीपुढें बसण्याचा हा मार्ग आम्हांस फार शहाणपणाचा वाटला, आणि तसें आम्हीं नातवास सांगितलें.

तो कांहीं बोलला नाहीं. एका टांक्याच्या कांठीं जाऊन बसला. हिरवट पाणी, त्यावर वरच्या कड्याची सांवली. तो पाण्याकडे पाही, डोळे मिटी, पुन्हां पाही. आम्ही दूर सांवलींत बसून त्याच्या खांद्यांकडे लक्ष ठेवून होतों; ते वर उचलले जात नव्हते. पाऊण तासानें उठून आला. "पाणी दिसलें," तो म्हणाला, "पण डोळे मिटल्यावर पांच-सहा श्वासच. मग परीक्षेचें वेळापत्रक दिसूं लागतें." मुंग्या आल्या का, असें आम्हीं विचारलें. "डाव्या पायास आल्या. मांडी घालून बसलों होतों म्हणून."

परत आल्यास आतां दोन महिने झाले. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावांचून त्या सोडावयाच्या नाहींत असें कैवल्यधामांतही बजाविलें होतें. नातू रात्रीं गच्चीवर बसतो, पण आवाज नसतो. आमच्या संध्येस पूर्वीं सात मिनिटें लागत, आतां वीस लागतात. पहिल्या आठवड्यांत कुटुंबानें दोनदां दारांतून डोकावून पाहिलें, पुन्हां पडलों कीं काय म्हणून. आतां त्या चहा वीस मिनिटें उशिरां टाकतात. कपाटाची किल्ली सूनबाईंनीं अद्याप दिलेली नाहीं, आणि आम्हींही मागितलेली नाहीं.